जुन्या लाकडी बासऱ्यांचा जीर्णोद्धार

बासरी हा शब्द उच्चारताच आपल्या मनात वेळूची नळी, गोकुळ आणि यमुनातीर उभे राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु युरोप खंडात आडवी बासरी शेकडो वर्षे घट्ट लाकडाची होती, आणि तिचा इतिहास आपल्या बासरीच्या इतिहासापेक्षा फार निराळ्या वाटेने गेला. आपली बासरी जुनी झाली, तडकली, की गुणी वादक दुसरा वेळू निवडतो. तिकडे दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या बासऱ्या आजही जुन्या पेट्यांतून बाहेर निघतात, दुरुस्त होतात आणि आजचे वादक त्या वाजवितात. ही दुरुस्ती म्हणजे एक स्वतंत्र विद्याच झाली आहे. तिचा परिचय करून देणे, आणि जुनी वस्तू आजच्या उपयोगासाठी कितपत बदलावी हा जो प्रश्न तिच्यात दडलेला आहे तो वाचकांपुढे ठेवणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. तो प्रश्न आपल्या घरोघरच्या माळ्यांवरच्या वस्तूंनाही लागू पडतो, हे पुढे दिसून येईल.

वाद्याचा पूर्वेतिहास

सोळाव्या शतकातील युरोपीय बासरी ही साधी नळी होती. आतील पोकळी आरंभापासून अखेरपर्यंत सारखीच असे, फुंकण्याचे एक मुखरंध्र व बोटांची सहा स्वररंध्रे असत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये तिचे रूप पालटले. नळीचे तीन जोड झाले, वरचा भाग सोडून बाकीची पोकळी खाली निमुळती होत गेली आणि करंगळीने दाबावयाची एक चावी तिला बसविण्यात आली. या सुधारणेचे श्रेय परंपरेने ओत्तेतेर या वाद्यकारांच्या घराण्यास देतात. त्याच घराण्यातील झाक ओत्तेतेर याने १७०७ साली बासरीवादनावर एक ग्रंथ लिहिला. पुढे जर्मनीत योहान क्वांट्स (१६९७ ते १७७३) हा मोठा वादक झाला. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक हा त्याचा शिष्य. क्वांट्सचा १७५२ चा ग्रंथ आजही अभ्यासक वाचतात.

एका चावीच्या बासरीवर काही स्वर स्पष्ट उमटत, तर काही आडव्यातिडव्या बोटांनी काढावे लागत व ते दबके निघत. हे दबके स्वर मोकळे व्हावेत म्हणून लंडनच्या वाद्यकारांनी अठराव्या शतकाच्या मध्यानंतर आणखी चाव्या जोडल्या. रिचर्ड पॉटर याने १७८५ साली घेतलेल्या पेटंटात वरच्या भागातील धातूच्या सरकत्या नळीचा समावेश होता. ही नळी आतबाहेर सरकवून बासरीची पट्टी थोडी चढउतार करता येई. एकोणिसाव्या शतकात आठ चाव्यांची बासरी रूढ झाली. जॉर्ज रुडाल व जॉन रोज या दोघांची भागी १८२१ साली सुरू झाली, आणि त्यांच्या बासऱ्या उत्कृष्टतेचा नमुना मानल्या जाऊ लागल्या.

त्यानंतर एका सोनाराने सारे चित्र पालटले. म्यूनिकचा थिओबाल्ड बोएम (१७९४ ते १८८१) हा मूळचा सुवर्णकार, पण उत्तम बासरीवादकही होता. १८३१ साली लंडनमध्ये त्याने चार्ल्स निकल्सन याचे वादन ऐकले. निकल्सनच्या बासरीची रंध्रे मोठी होती व तिचा आवाजही तसाच भरदार होता. तो प्रभाव मनात घेऊन बोएमने १८३२ साली नवी रचना केली आणि १८४७ साली तर पोकळीच उलटी केली. धड सरळ व शिर निमुळते, रंध्रे गणिताने ठरविलेल्या जागी, आणि ती झाकण्यासाठी चाव्यांची संपूर्ण यंत्रणा! आजच्या वाद्यवृंदांतील चांदीच्या बासऱ्या याच रचनेच्या होत. ही रचना जसजशी पसरत गेली, तसतशा जुन्या पद्धतीच्या बासऱ्या मागे पडल्या आणि गहाणवटीच्या व जुन्या मालाच्या दुकानांत येऊन पडू लागल्या.

टाकलेल्या वाद्याचा वारस

शहराने टाकलेले हे वाद्य खेड्याने उचलले. आयर्लंडमधील शेतकरी व मजूर वर्गातील वादकांना या बासऱ्या स्वस्तात मिळाल्या. पांढरी दोन या स्वरावर बांधलेली, उघड्या रंध्रांची ती नळी त्यांच्या नृत्यगीतांना फार मानवली. रंध्र उघडे असल्यामुळे बोट हळूच सरकवून स्वरावरून स्वरावर घसरत जाता येते, आणि बोटाच्या झटक्याने स्वर तोडता येतो. लीट्रिम परगण्यातील जॉन मकेना (१८८० ते १९४७) अमेरिकेत गेला आणि १९२० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्याने मुद्रित केलेल्या तबकड्या पुढील पिढ्यांना आदर्श ठरल्या. १९६० ते १९८० या काळात आयरिश लोकसंगीताचे पुनरुज्जीवन झाले, मॅट मोलॉय याच्यासारख्या वादकांची कीर्ती सर्वत्र पसरली, आणि जुन्या बासऱ्यांना एकदम मागणी आली. त्याच सुमारास जुने युरोपीय संगीत त्या त्या काळच्या वाद्यांवरच वाजवावे असा आग्रह धरणारी एक चळवळही जोर धरीत होती. हॉलंडचा फ्रान्स ब्र्युखेन (१९३४ ते २०१४) व बेल्जमचा बार्टोल्ड कौकेन हे तिचे अग्रणी. अशा रीतीने दोन निराळ्या दिशांनी आलेले वादक एकाच कारागिराच्या दारी उभे राहिले. त्यांची मागणीही एकच होती, जुनी बासरी पुन्हा वाजती करून द्या.

लाकडाचे विकार

या बासऱ्यांची लाकडे निवडक असत. पूर्वी पिवळसर बॉक्सवुड वापरीत. पुढे जमैका व क्यूबा बेटांतील कोकसवुड इंग्रज कारागिरांना अधिक प्रिय झाले. आबनूस व आफ्रिकेचे काळे लाकूडही वापरात होते. हे आफ्रिकी लाकूड आपल्या शिसवीच्याच कुळातले आहे, हे वाचून वाचकांस कौतुक वाटेल. लाकूड कितीही जुने व पक्के असले तरी ते हवेतील ओलावा शोषते व सोडते. सुकताना ते लांबीत जवळजवळ कमी होत नाही, मात्र आडवे आकसते. शिवाय वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ते जितके आकसते, त्याच्या सुमारे निम्मेच गाभ्याच्या दिशेने आकसते. परिणामी चरकावर गोल कातलेली पोकळी शंभर वर्षांनी किंचित लंबगोल झालेली आढळते.

सर्वांत मोठा घात केला तो सोयीसाठी बसविलेल्या धातूच्या नळीने. शिराच्या आत पितळेची वा चांदीची नळी ठोकून बसविलेली असे. लाकूड वर्षानुवर्षे आकसत गेले, धातू मात्र होता तेवढाच राहिला. लाकडाला जागा उरली नाही, तेव्हा ते रेषेने उभे चिरले. म्हणूनच जुन्या इंग्रजी बासऱ्यांच्या शिरावर उभा तडा अगदी नित्याचा असतो. दमट हवेच्या देशात बनलेली बासरी कोरड्या, उष्ण मुलखात गेली की हा विकार अधिकच लवकर जडतो. याच कारणाने एकोणिसाव्या शतकात रबरापासून केलेल्या एबोनाइटच्या बासऱ्याही निघाल्या. त्यांना हवामानाची बाधा होत नसे.

दुसरा विकार दिसावयास क्षुल्लक, पण परिणामाने गंभीर आहे. एका जोडाचे टोक दुसऱ्यात घट्ट बसावे म्हणून त्यावर दोरा गुंडाळीत. तो सैल झाला की वादक त्यावर आणखी दोरा ओढून गुंडाळी. पिढ्यान्‌पिढ्या आवळल्या गेलेल्या त्या दोऱ्याने लाकूड आत दाबले जाऊन तेथील पोकळी अरुंद होते, आणि काही स्वर बेसूर होऊन बसतात. बाहेरून पाहणाऱ्यास वाद्य धडधाकट दिसते. आत मोजमाप घातल्यावाचून दोष सापडत नाही.

उपचार

म्हणून चांगला कारागीर प्रथम हत्यार उचलीत नाही, मोजपट्टी उचलतो. वरच्या अंगास सुमारे १९ मिलिमीटर असलेली ही पोकळी पुढे कोठे किती निमुळती होते, हे तो थोड्या थोड्या अंतरावर, मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजून लिहून ठेवतो. रंध्रांचे आकार व त्यांची आतून कोरलेली कड तपासतो. वाद्यकाराचे नाव व दुकानाचा पत्ता लाकडावर ठशाने उमटविलेला असतो. दुकाने जागा बदलीत, त्यामुळे पत्त्यावरून वाद्याचा काळ ठरविता येतो. असा ठसा घासकामात पुसून टाकणे म्हणजे ताम्रपटावरील अक्षरे घासण्यासारखेच होय.

शिराचा तडा बुजवावयाचा तर आतील धातूची नळी आधी बाहेर काढावी लागते. ती मंद उष्णतेने सैल करून काढतात. लाकडाला काही काळ मोकळे राहू देतात. पुष्कळदा तडा आपोआप बराचसा मिटतो. मग त्यात सरस वा आधुनिक चिकटद्रव्य भरतात. फट रुंद असेल तर त्याच जातीच्या लाकडाची बारीक कामटी रेषेस रेषा जुळवून बसवितात. नळीचा घेर थोडा कमी करून ती परत घालतात, म्हणजे पुढे लाकूड आणखी आकसले तरी त्यास जागा राहील. नाजूक ठिकाणी बारीक खाच पाडून रेशमी दोऱ्याचे घट्ट वेढे देण्याचीही रीत आहे. आपल्या वेळूच्या बासरीवर जागोजागी दोऱ्याचे वेढे असतात, तेही ती चिरू नये म्हणूनच. सहस्र कोसांवरील दोन कारागीर एकाच विकारावर एकच औषध योजतात, यात नवल ते काय? लाकूड आणि वेळू दोन्ही रेषेनेच चिरतात.

चाव्यांचे काम घड्याळजीच्या कामासारखे असते. चाव्यांखालील कातड्याच्या गाद्या कडक झालेल्या असतात. त्या जागी मऊ कोकराच्या कातड्याच्या नव्या बसवितात. मोडलेल्या स्प्रिंगा बदलतात, शिराच्या टोकाचे वाळलेले बूच नवे घालतात. पोकळीस बदामाचे तेल लावतात. त्यानंतरही वाद्य एकदम वाजवावयाचे नसते. दीर्घ काळ कोरड्या राहिलेल्या लाकडात श्वासाचा ओलावा अचानक शिरला तर आतला थर फुगतो, बाहेरचा तसाच राहतो आणि पुन्हा तडा जातो. म्हणून प्रथम रोज दहा-पंधरा मिनिटेच वाजवावे, प्रत्येक वेळी आतून पुसून घ्यावे आणि काही आठवड्यांत हळूहळू वेळ वाढवीत न्यावी, असा दंडक आहे. दीर्घ उपासानंतर पेजेने सुरुवात करावी, त्यातलाच हा प्रकार.

पट्टीचा पेच

येथवर सर्वांचे एकमत आहे. मतभेद सुरू होतो तो पट्टीपाशी. हार्मोनियमवरील जी पांढरी सहा, तिची कंपने आज सेकंदाला ४४० धरतात. हा आकडा १९३९ च्या लंडन येथील परिषदेत मान्य झाला. पूर्वी अशी एकवाक्यता नव्हती. अठराव्या शतकात गावोगावी पट्टी वेगळी असे, म्हणून एकाच बासरीबरोबर कमीअधिक लांबीचे मधले जोड देत. त्या काळचे संगीत वाजविणारे आजचे वादक बहुधा ४१५ ही पट्टी धरतात. आजच्या हिशेबाने ती काळी चार होते. उलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये पट्टी ४५२ च्या आसपास चढली होती. फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने ४३५ ठरविली, आणि लंडनच्या फिलहार्मनिक मंडळींनी १८९६ मध्ये आपली चढी पट्टी उतरविली.

आता ४५२ च्या पट्टीची सुरेख बासरी आजच्या वादकाच्या हाती आली, तर ती इतरांपेक्षा सुमारे पाव स्वर चढी लागते. सरकती नळी बाहेर ओढली की ती उतरते खरी, पण सर्व स्वर सारखे उतरत नाहीत. वाढविलेली लांबी तीच असली तरी आखूड नळीवर निघणाऱ्या वरच्या स्वरांना ती प्रमाणाने अधिक पडते, आणि सप्तकाचे आपसातले नाते बिघडते. मग उपाय दोन. रंध्रांच्या कडेस मेण लावून ती लहान करावी म्हणजे स्वर उतरतो. हे मेण केव्हाही काढता येते. अथवा पोकळीच खरवडून वा रंध्रे कोरून वाद्य कायमचे बदलावे. अशी खरवडलेली, कापून आखूड केलेली वाद्ये पुष्कळ आहेत. ती आज वाजतात, परंतु मूळ कारागिराने कोणता स्वर मनात धरला होता, हे त्यांच्यावरून आता कोणासही कळावयाचे नाही.

हस्तिदंताची कडीही असाच विचार करावयास लावते. जुन्या बासऱ्यांच्या सांध्यांवर हस्तिदंती कड्या असत. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ व १९९१ साली दुरुस्त्या होऊन हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. ब्रिटनचा कायदा २०१८ साली संमत होऊन २०२२ मध्ये अमलात आला. त्यात १९७५ पूर्वीच्या व वीस टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वाद्यांस नोंदणी करून सवलत आहे. गहाळ झालेली कडी आज कारागीर कृत्रिम द्रव्याची करतो. ती जुन्यासारखी दिसावी, पण जुनी म्हणून विकली जाऊ नये, एवढी दक्षता तो घेतो.

वाजवावे की जपावे

संग्रहालयांचे म्हणणे असे की, वाद्य हा पुरावा आहे. प्रत्येक वादनाने तो थोडा झिजतो. वाद्यसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय समितीने १९८५ साली सार्वजनिक संग्रहांतील वाद्ये कोणी व कशी हाताळावीत याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांचा रोख सावधगिरीकडेच होता. वादकांचे म्हणणे असे की, ज्याचा जन्मच वाजण्यासाठी, ते काचेच्या कपाटात ठेवणे म्हणजे त्याला जिवंत समाधी देणे होय. दोन्ही बाजूंनी वजनदार माणसे आहेत. फिलिप बेट या संग्राहकाने १९६८ साली आपली वाद्ये ऑक्सफर्ड विद्यापीठास दिली, ती अध्यापनासाठी वापरली जावीत या अटीवर. भौतिकशास्त्रज्ञ डेटन मिलर (१८६६ ते १९४१) याने जमविलेल्या सुमारे १,७०० बासऱ्या वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत. २०२२ साली त्यांतील एक स्फटिकासारखी काचेची बासरी लिझो या गायिकेने वाजविली, तेव्हा अमेरिकेत मोठा वाद माजला. ती पॅरिसच्या क्लोद लोराँ याने १८१३ साली राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांच्यासाठी बनविली होती. वाद घालणारे एक गोष्ट विसरले. काच श्वासाने फुगत नाही. हाच प्रसंग त्या काळच्या लाकडी बासरीवर आला असता, तर चिंता रास्त ठरली असती.

माझ्या अल्पमतीप्रमाणे या वादातून कारागिरांनीच वाट काढली आहे. जुनी वाद्ये दुरुस्त करता करता त्यांनी मापे घेतली, आणि त्या मापांवरून नवी वाद्ये कातली. आज आयरिश संगीतात वाजणाऱ्या पुष्कळशा बासऱ्या रुडाल व रोज यांच्या अथवा प्रॅटन नावाने ओळखल्या जाणाऱ्या नमुन्यांवर नव्याने बनविलेल्या आहेत. आजची पट्टी हवी असेल तर ती नव्या लाकडात आणावी. जुन्या लाकडात केवळ तेवढेच करावे, जे उद्याचा शहाणा माणूस पुन्हा काढून टाकू शकेल. सरस काढता येतो, मेण काढता येते, दोरा सोडता येतो. खरवडलेले लाकूड परत येत नाही. आणि जे केले ते लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्यास जुने कोणते व नवे कोणते हे कळेल.

आपल्या घरातील वारसा

आता आपल्याकडे वळू. बासरी नसेल, पण आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आजोबांची पेटी असेल, मिरजेचा तंबोरा असेल. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट खरी, पण जुना तंबोरा माळ्यावर भोपळा फुटून पडला असेल तर त्या मानांकनाचा त्यास काय उपयोग? आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील साठ-सत्तर वर्षांची पेटी एका कारागिराकडे भाता बदलावयास दिली होती. त्याने न विचारता सर्व सूर घासून आजच्या पट्टीस आणले आणि वर चकचकीत रोगण चढविले. पेटी सुरात आली. पण त्या घरातील वृद्ध बाईंनी ती ऐकली आणि म्हणाल्या, ‘ही आमच्यांची पेटी नव्हे.’ घासलेली पितळ परत येत नाही. देवळाचा जीर्णोद्धार म्हणून जुन्या कोरीव दगडावर तैलरंग फासण्याची जी हौस, तिचेच हे घरगुती रूप.

म्हणून ज्ञातिबांधवांस व विशेषतः तरुण मंडळींस विनंती इतकीच की, घरातील जुने वाद्य मोडीत काढू नये आणि घाईने नवेही करू नये. प्रथम ते कोरड्या पण अति उष्ण नसलेल्या जागी ठेवावे. त्यावर कारागिराचे नाव, गाव वा खूण असेल तर ती टिपून घ्यावी. ते कोणी वाजविले, कोणत्या प्रसंगी घरात आले, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून चार ओळींत लिहून ठेवावे, कारण ही माहिती लाकडाहून लवकर नष्ट होते. दुरुस्तीस देताना काय करावयाचे व काय करावयाचे नाही, हे आधी स्पष्ट ठरवावे, आणि काढलेले जुने भाग परत मागून घेऊन त्याच पेटीत जपून ठेवावेत. एवढे केले तर आपली नातवंडे ते वाद्य वाजवितील. वाजवावयाचे नसले तरी, ते आपल्या आजोबांच्या काळी कसे वाजत होते हे शोधून काढण्याचा मार्ग त्यांच्यासाठी मोकळा राहील.